रंग हाताने भरलाय, वस्तुमान नाही

बुलेट क्लस्टरचा, म्हणजे एकमेकांवर आदळलेल्या दोन दीर्घिकासमूहांचा (क्लस्टरचा) तो गुलाबी-निळा फोटो आणि खाली लांबलचक मजकूर, सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात गुलाबी म्हणजे एक्स-रेमध्ये दिसणारा गरम वायू, आणि निळं म्हणजे जिथे बहुतेक वस्तुमान आहे ती जागा, म्हणजे डार्क मॅटर, न दिसणारा पण ओढ लावणारा पदार्थ. म्हणणं काय, तर निळा रंग शास्त्रज्ञांनी मनाने भरलाय, गुरुत्वाकर्षणाचा नियम थोडा बदलला की डार्क मॅटरची गरजच उरत नाही, आणि तसंही तो कण कुणाला सापडलाय?

रंग भरलाय, कबूल. गुलाबीपण भरलेलाच आहे की, एक्स-रे डोळ्याला कुठे दिसतात! पण निळा कुठे नि किती हे मोजून ठरलंय. मागच्या लांबच्या दीर्घिकांचा प्रकाश या क्लस्टरजवळून येताना वळतो, त्यांचे आकार जरासे ताणलेले दिसतात, एकेकीचा ताण कळतही नाही पण ढिगाने दीर्घिका घेतल्या की सरासरीत उमटतो आणि त्यावरून वस्तुमानाचा नकाशा काढता येतो.

आता नियम बदलायचं. इथे मुख्य गोष्टच गाळलीये. दोन क्लस्टर एकमेकांतून आरपार गेलेत. दीर्घिकांमध्ये एवढं अंतर असतं की त्या न धडकता सुटल्या, पण गरम वायू एकमेकांवर आपटून मागे रखडला, आणि साध्या पदार्थाचं बहुतेक वजन असतं या वायूतच, ताऱ्यांच्या कितीतरी पट. मग डार्क मॅटर नसेल तर प्रकाश सगळ्यात जास्त वायूपाशी वळायला हवा ना? २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डग्लस क्लो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो वळतोय पुढे निघून गेलेल्या दीर्घिकांपाशी. नियम बदलून ओढ वाढवाल हो, पण वायूवरून उचलून दुसरीकडे कशी ठेवाल? मॉन्ड नावाचा बदललेला नियम मांडणाऱ्यांनीच इथे साधारण २ इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) वस्तुमानाचे न्यूट्रिनो, म्हणजे जवळपास न पकडता येणारे हलके कण, घालून बघितले, म्हणजे न दिसणारा पदार्थ आलाच की परत, आणि वर जर्मनीतल्या कॅट्रिन प्रयोगाने २०२२ मध्ये न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची मर्यादा ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली आणली, म्हणजे २ चे न्यूट्रिनो बसतच नाहीत.

कण सापडला नाही हे खरंय. पण २०१५ मध्ये अशा ७२ टकरी एकत्र तपासल्या, त्यातही डार्क मॅटर वायूसारखं मागे रखडलेलं दिसलं नाही.

खरंतर पोस्टवाल्याला डार्क मॅटर मानणाऱ्यांना अडचणीतच टाकायचं होतं तर एबल ५२० हा दुसरा धडकलेला क्लस्टर काढायचा. तिथे बुलेटच्या उलट, दीर्घिका नसलेल्या जागी न दिसणाऱ्या वस्तुमानाचा गोळा आहे असं एका टीमने म्हटलं, २०१२ मध्ये दुसऱ्या टीमने हबल दुर्बिणीचाच नवा डेटा घेऊन बघितलं तर त्यांना तो गोळा मिळालाच नाही. वाद घालायचा तर तिथे घाला, रंगावरून काय घालताय.