घरघर लागली म्हणून तोंडात पाणी घालू नका

परवा बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका गावात बाराव्याला गेलो होतो. माणूस ५४ वर्षांचा, रोज शेतात जाणारा, दारू नाही काही नाही, तंबाखू तेवढी होती (आमच्या भागात तंबाखूला व्यसन कोण म्हणतंय). मांडवात जो तो एकच सांगत होता, अहो काय झालं नव्हतं हो, संध्याकाळी जरा गॅस झालेला, छातीत गच्च वाटालंय म्हणाला, सोडा पिला, ओवा खाल्ला, पाठ चोळून घेतली आणि झोपला, पहाटे हाक मारून बघतात तर संपलेलं. वर हे, की बघा किती पुण्यवान, कुणाला त्रास नाही. मी गप्प बसलो. बाराव्याला भांडायचं नसतं. म्हणून इथं लिहितोय, लांब होईल, चहा घेऊन बसा.

मी आठ वर्षं अ‍ॅम्ब्युलन्सवर ईएमटी (गाडीत तातडीचे उपचार देणारा) म्हणून काम करतोय. डॉक्टर नाही, आधीच सांगतो. पण छातीत दुखतंय म्हणून आलेल्या कॉलवर गेलो की निम्म्या घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गॅसच असेल हो, पण म्हटलं एकदा बघूया". आणि दुखायला लागून तीन तास झालेले असतात. आता गॅस का वाटतो याला कारण आहे, लोक अडाणी आहेत असं नाही. हृदय डाव्या बाजूला असतं हे सिनेमातनं शिकलोय आपण. ते असतं छातीच्या मधल्या हाडाच्या मागं, टोक तेवढं डावीकडं कललेलं, आकार आपल्या मुठीएवढा. त्याचा खालचा भाग पोट आणि छाती वेगळी करणाऱ्या पडद्यावर टेकलेला असतो आणि पडद्याच्या खाली लगेच जठर. त्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की उमासे येतात, उलटी होते, ढेकर आल्यासारखं वाटतं, नाडी मंद होते. पोटाचंच वाटणार की! शुगरवाल्यांना आणि बऱ्याच बायकांना तर दुखतच नाही धड, नुसती धाप लागते, दरदरून घाम येतो, गळाल्यासारखं होतं. थंडीत घामानं शर्ट ओला झालाय आणि माणूस म्हणतोय गॅस, तर मी त्याचं ऐकत नाही, सरळ गाडीत घालतो.

दुसरा घोळ म्हणजे अटॅक आणि अरेस्ट यातला. कोण पण गेला की "अटॅकनं गेला". हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या नळ्या वेगळ्या असतात, महाधमनी हृदयातून निघाल्या निघाल्या तिला फुटणाऱ्या पहिल्या फांद्या त्याच. त्यातली एक गुठळीनं बंद झाली की अटॅक. माणूस बोलत असतो, चालत असतो, कधी स्वतः गाडी चालवत दवाखान्यात येतो. अरेस्ट म्हणजे हृदयानं रक्त ढकलायचंच थांबवलं, माणूस दहा-पंधरा सेकंदात बेशुद्ध. अटॅकमधनं अरेस्ट होऊ शकतो म्हणून तर घाई.

हे मी आमच्या पायलटला (ड्रायव्हरला आम्ही पायलट म्हणतो) समजावत होतो. हा बैलहोंगलकडचा, घरी ऊस, बोअर, सगळं. अरेस्टमध्ये बऱ्याच वेळा सुरुवातीला हृदय थांबलेलं नसतं, त्याचा प्रत्येक धागा आपापला थरथरत असतो, एकत्र दाब काही तयार होत नाही, असं सांगितलं तर लगेच म्हणाला, "मोटर गुंय् अंतैती, नीर बरंगिल्ल". म्हणजे फेज गेल्यावर मोटर नुसती गुरगुरते, पाणी उचलत नाही. मला ट्रेनिंगमध्ये पंधरा स्लाइड दाखवून कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. आणि आपण काय करतो तेव्हा? स्टार्टर बंद करून परत चालू करतो. शॉकचं मशीन, एईडी, तेच करतं. सगळी थरथर एका क्षणात गप्प करतं म्हणजे हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात जो मूळचा ठोका देणारा बिंदू आहे त्याला परत ताबा घेता येतो. म्हणून मॉनिटरवर सरळ रेघ आलेल्या माणसाला शॉक देत नाहीत, सिनेमावाले काही दाखवू देत, तिथं थरथरच नाही तर गप्प काय करणार. तिथं छाती दाबणं आणि इंजेक्शन.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

दोन वर्षांपूर्वी एका जत्रेत माणूस पडल्याचा कॉल. रस्ता अरुंद, गर्दी, आम्हाला पोचायला चौदा मिनिटं लागली. नंतर लोकांनी सांगितलं, पडल्या पडल्या हातपाय ताठ झाले, जरा झटके आले, मग सगळे म्हणाले फिट आली. हातात किल्ल्यांचा जुडगा दिला, नाकाला कांदा लावला. मेंदूचं रक्त तुटलं की सुरुवातीला असे झटके येतात हे कुणाला माहीत असणार. मग अधेमधे तोंड उघडून आचके द्यायला लागला, घशातनं आवाज. घरघर लागली म्हणाले. आणि घरघर लागली की आपल्याकडं काय करतात ते तुम्हाला माहितीय, कुणीतरी पळत जाऊन तांब्या आणला. मी पोचलो, नाडी नाही, तोंडातलं साफ करायला बोट घातलं तर पहिलं काय आलं हाताला, तुळशीचं पान.

चौदा मिनिटं पन्नास माणसं भोवती उभी होती आणि छातीला कुणी हात लावला नाही. लावला नाही कारण श्वास चाललाय असं वाटलं. तो श्वास नसतो हो. मेंदूच्या बुडातली शेवटची धडपड असते ती, त्यानं फुप्फुसात पुरेशी हवा जात नाही. छाती न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी होते, तर आता चौदा मिनिटांचा हिशोब तुम्हीच करा. श्रद्धेला मी नावं ठेवत नाही, माझ्या आजीच्या तोंडात मीच पाणी घातलंय, पण ती नव्वदीची अंथरुणाला खिळलेली होती. धडधाकट माणूस उभ्याउभ्या कोसळलाय, हाक मारून हलवून उठत नाहीये, श्वास नीट नाही, तर ती घरघर म्हणजे अजून वेळ आहे असा निरोप समजा आणि दाबायला लागा.

दाबायचं कुठं, तर मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, डाव्या बाजूला नाही. खाली कडक जमीन पाहिजे, कॉटवर दाबलं तर गादीच दबते. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. आणि सोडताना पूर्ण सोडायचं, हे शिकलेली पोरं पण विसरतात. हृदयाच्या स्वतःच्या नळ्यांत रक्त भरतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा. दाबल्यानं रक्त मेंदूकडं जातं, सोडल्यानं हृदयाला मिळतं. अंगाचा भार टाकून नुसतं ओणवून बसलात तर हृदय उपाशीच राहतं. मोजताना मी एक ते दहा तीनदा मोजतो, कारण मराठीत एकवीस बावीस आले की जीभ लांबते आणि हात पण हळू होतात. पायलट मोजतो ओंद, एरड, मूर. सीमाप्रश्न आमच्या गाडीत तेवढ्यापुरता मिटलेला असतो.

घरात सॉर्बिट्रेटची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी ठेवायची फॅशन आलीय, व्हॉट्सअ‍ॅपमुळं. छातीत दुखलं की जिभेखाली सारायची. बीपी न बघता देऊ नका. काही अटॅकमध्ये हृदयाची उजवी बाजू अधू झालेली असते, तिथं या गोळीनं बीपी धाडकन पडतं, माणूस हातात कोसळतो, पाहिलंय मी. अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगतात ते बऱ्याच जणांना चालतं, पण अ‍ॅलर्जी किंवा कुठं रक्तस्राव असेल तर नाही, म्हणून १०८ वर विचारून द्या. आणि ज्याला धाप लागलीय, तोंडाला फेस येतोय त्याला बळजबरीनं आडवा झोपवू नका, हृदयाची डावी बाजू कमी पडून फुप्फुसात पाणी भरलेलं असू शकतं, बसूनच आणा. नातेवाईक माझ्याशी भांडतात यावरनं.

अजून एक भांडण. "तालुक्याला काय नाही, थेट बेळगावला चला", निपाणीकडं असलं तर "थेट कोल्हापूरला". कन्नड सिनेमाचे हिरो पुनीत राजकुमार, लाडाचं नाव अप्पू, २९ ऑक्टोबर २०२१ ला हृदय बंद पडून गेले, ४६ वर्षांचे, आमच्या मराठी गल्लीत पण अप्पूचे बॅनर लागले होते. त्यांच्या नावानं कर्नाटक सरकारनं हृदय ज्योती योजना काढली, तालुका हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढून मोठ्या सेंटरला पाठवतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेजचं महागडं इंजेक्शन तिथंच फुकट देतात. ते जितकं लवकर तितका फायदा, पहिल्या तासात सगळ्यात जास्त. घाटातल्या रस्त्यानं, पावसात, ईसीजी न काढता दीड तास पुढं न्यायचं हट्ट करून, यात मला काही शहाणपण दिसत नाही. आधी जवळ ईसीजी, मग पुढं कुठं जायचं ते बघू. आणि १०८ ला फोनवर कन्नड येत नाही म्हणून घाबरून ठेवू नका, "एदे नोवु" म्हणजे छातीत दुखणं, एवढं आणि गावाचं नाव सांगितलं तरी गाडी निघते.

गेल्या वर्षी उचगावकडं एक भाजीवाले काका असेच पडले. शेजारची बारावीची पोरगी, एनसीसीत शिकलेली, आम्ही येईपर्यंत नऊ मिनिटं दाबत होती, तिचे हात थरथरत होते, आई मागनं ओरडत होती की सोड गं मेलाय तो. मशीननं एक शॉक दिला आणि ठोका आला. काका आता परत बाजारात बसतात. मी दिसलो की मेथीची जुडी फुकट देतात आणि दर वेळी तीच तक्रार करतात, त्या पोरीनं माझी बरगडी मोडली, अजून थंडीत दुखालंय बघ.