'हितचिंतक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्तनाच्या कॅन्सरची तपासणी आणि जीन टेस्ट यांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली 'हितचिंतक' या नावाने आलेली प्रतिक्रिया उडवलेली नाही. ती थोडक्यात अशी: "ताई, तुम्ही बऱ्या झालात, आनंद आहे. पण एक बाई वाचली म्हणून गावभर मशिनी फिरवायच्या नसतात. स्क्रीनिंगने (लक्षणं नसताना केलेल्या तपासणीने) अतिनिदान (कधी त्रास देणारच नव्हता असा कॅन्सरही शोधून काढणं) होतं, रेडिएशन बसतं ते वेगळंच. आणि जीन टेस्ट म्हणजे निव्वळ लॅबवाल्यांची दुकानदारी. भावनेच्या भरात लिहू नये."

आधी या 'भावनेच्या भरा'चं बघू. लेखात आकडे होते. त्यातल्या एकाला जरी हात घातला असतात तरी बोलता आलं असतं. बायपास झालेला गृहस्थ कोलेस्टेरॉलवर लिहितो तेव्हा ते 'अनुभवाचे बोल' असतात. बाईने स्तनाच्या कॅन्सरवर लिहिलं की लगेच भावना! स्वतःचं नाव लपवून दुसऱ्याला संयम शिकवणं सोपं असतं. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिओथेरपी) आणि बीआरसीए-१ (दोष असला तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारं जनुक) पॉझिटिव्हचा रिपोर्ट, हे सगळं माझ्या फाइलीत आहे. असा रिपोर्ट तुम्ही कधी उघडून पाहिलाय का?

एक मान्य. त्या लेखाच्या शीर्षकातला 'प्रत्येकीने' हा शब्द जास्तच झाला. जीन टेस्ट कोणी करायची ते खाली स्पष्ट लिहिलं होतं, पण तिथवर जायला शीर्षकाच्या पुढे वाचावं लागतं.

आता दुकानदारी. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात, म्हणून ही जीन टेस्ट सरसकट नसतेच. पन्नाशीच्या आत निदान, ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनवरच्या आणि हर-२ वरच्या औषधांना दाद न देणारा) प्रकार, दोन्ही बाजूंना कॅन्सर, पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर, घरात कुणाला अंडाशयाचा कॅन्सर: यातलं काही असेल तर विचार करायचा. सुरुवात जेनेटिक कौन्सेलरपासून, म्हणजे आनुवंशिक आजारांच्या सल्लागारांपासून. ते तीन पिढ्यांचा तक्ता काढतात, आईकडचा आणि वडिलांकडचा. आपल्याकडे आई-मावशीचं सगळं पाठ असतं, आत्याचं मात्र कुणाला आठवत नाही, कारण ती सासरी गेली आणि तिथेच वारली. सदोष जनुक वडिलांकडूनही तितकंच येतं, प्रत्येक अपत्यात ५० टक्के शक्यतेने. आणि घरात "आजीच्या पोटात पाणी झालं होतं" एवढंच सांगतात, ते नीट खोदून विचारायचं. अंडाशयाचा कॅन्सर बरेचदा याच वाक्यामागे दडलेला असतो.

चाचणी कोणाची आधी, इथे खरी गडबड होते. जिला कॅन्सर झालाय तिची आधी. तिच्यात दोष सापडला तर बहीण, भाऊ, मुलं यांच्यात नेमकी तेवढीच जागा तपासायची. ती तपासणी स्वस्त पडते, आणि तिथे आलेलं 'निगेटिव्ह' विश्वासाचं असतं. आजारी बाईला सोडून थेट निरोगी भाचीची पूर्ण चाचणी केली आणि निगेटिव्ह आली, तर तिला हातात काहीच मिळत नाही: घरातला दोष तिच्यात उतरला नाही, की तो या चाचणीला दिसणाऱ्यातलाच नव्हता, ते कळत नाही. निरोगी माणसाला हेल्थ पॅकेजमध्ये जीन टेस्ट गुंडाळून विकतात ना, ती दुकानदारी. तिच्यावर लिहा, मीही सही करते.

रक्त काही मिलिलिटर, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. उपाशीपोटी जायची गरज नाही. रिपोर्टला तीन-चार आठवडे धरा. देण्याआधी विचारून घ्या की मोठ्या डिलीशन-डुप्लिकेशनची (जनुकाचा मोठा तुकडा गळणं किंवा दोनदा येणं) तपासणी त्यात आहे ना; नुसत्या सिक्वेन्सिंगमधून (जनुकाची अक्षरं क्रमाने वाचण्यातून) ते दोष निसटू शकतात. रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' असं लिहून आलं तर त्याचा अर्थ 'या बदलाचं महत्त्व अजून ठरलेलं नाही'. त्याच्या आधारावर कोणी ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आणि पैसा लॅबवाल्यांकडेच जातो म्हणता? अमेरिकेत ही चाचणी बरीच वर्षं पेटंटच्या जोरावर एकाच कंपनीच्या हातात होती. २०१३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने नैसर्गिक जनुकाचं पेटंट घेता येत नाही असा निकाल दिला, इतर लॅब उतरल्या आणि भाव पडले. पॉझिटिव्ह आल्यावर करायचं काय, तेही ठरलेलं आहे: वयाच्या २५ पासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय, ३० पासून जोडीला मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), आणि बीआरसीए-१ असेल तर मुलं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय आणि नलिका काढण्याचा विचार. कारण बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा ४४ टक्के. हे आकडे माझ्या भावनांमधून आलेले नाहीत.

रेडिएशन: एका मॅमोग्राफीत साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दोनेक महिन्यांत आपल्याला निसर्गातून मिळतं तेवढं. पुढे.

'गावभर मशिनी' मी कुठे म्हटलं, ते दाखवा. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर जो अभ्यास केला त्यात मशीन नव्हतंच. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: पन्नाशीच्या वरच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, तेही लिहून टाकते, नाहीतर पुन्हा भावनेचा भर निघायचा.

राहिलं अतिनिदान. असतं, नाही कोण म्हणतंय? पण तो वाद मुख्यतः जिथे ठरावीक वर्षांनी घरी तपासणीचं बोलावणं येतं त्या देशांतला. इथे बायका कातडीला जखम झाल्यावर येतात. त्यावर सवडीने लिहीन. तोवर एवढं वाचून ठेवा: मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये बाय-रॅड्स (संशय किती, ते सांगणारा आकडा) ३ आलं तर सहा महिन्यांनी पुन्हा फोटो, ४ किंवा ५ आलं तर सुईने तुकडा काढून तपासणी. मशीनवरून उठवून थेट ऑपरेशन टेबलावर कोणी नेत नाही.