ई-२० पेट्रोल : ‘मायलेज घटतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या मामांनी परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक संदेश टाकला आणि खाली ‘सर्वांनी वाचावे’ असा शेराही मारला. मामा हिशेबाचे पक्के आहेत. टाकी भरली की जुन्या मोटारीचे किलोमीटर वहीत टिपून ठेवतात. त्यांच्यासारख्या माणसाने हा मजकूर डोळे मिटून पुढे ढकलला, म्हणून हे उत्तर. संदेशातले दावे थोडक्यात असे : २० टक्के इथेनॉल (ऊस, मका यांपासून केलेले अल्कोहोल) मिसळलेल्या, म्हणजे ई-२० पेट्रोलमुळे मायलेज मुळीच घटत नाही आणि घटते म्हणणारे परदेशी तेल कंपन्यांचे पगारी हस्तक आहेत, ब्राझीलमध्ये हेच चालते, हे इंधन संपूर्ण प्रदूषणमुक्त आहे, सगळा पैसा शेतकऱ्याला मिळतो, परकीय चलन वाचते, आणि पेट्रोल आता स्वस्त होणार.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रणातला इथेनॉलचा वाटा वाढला की जुन्या इंजिनाचे मायलेज घटणार, हे सांगायला हस्तक असावे लागत नाही. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातच हे आकडे दिले आहेत : बिनमिश्रणाच्या पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई-१० (१० टक्के इथेनॉल) साठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ई-२० वर सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, तशाच दुचाकींची ३ ते ४ टक्क्यांनी, आणि ई-१० साठी रचून ई-२० साठी जुळवलेल्या मोटारींची १ ते २ टक्क्यांनी. शंभर रुपये लिटरचा भाव धरला, तर जुन्या मोटारवाल्याला लिटरमागे सहा-सात रुपयांचा फटका बसतो. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात घट किरकोळ असल्याचे म्हटले. घट नाहीच, असे म्हटले नाही. म्हणजे संदेश लिहिणारा सरकारच्याही चार पावले पुढे गेला आहे, आणि त्याच्या न्यायाने नीती आयोगही हस्तकच ठरतो. मामांनी आपलीच वही उघडून पाहावी.

जुन्या गाड्यांसाठी ई-१० ची सोय ठेवावी आणि मायलेजमधली तूट कमी दराने भरून द्यावी, अशी दिशा त्याच आराखड्यात होती. प्रत्यक्षात २० टक्के मिश्रणाचे मूळचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ वर आणले गेले आणि पंपावर ग्राहकाला निवड उरली नाही. नुकसान सोसणाऱ्याला ते आधी सांगितले नाही, वर खोटारडा ठरवले, की तो पुढे काहीही ऐकून घेत नाही. ई-२० वापरल्याने गाडीचा विमा रद्द होतो ही अफवा इतकी पसरली की मंत्रालयाला तिचे खंडन करावे लागले, ती याच अविश्वासावर पोसली गेली. हवामानाच्या नावाने उद्या येणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही योजनेला हेच लोक हसणार आहेत.

ब्राझीलचे उदाहरण अर्धेच सांगितले जाते. तिथे २००३ पासून कोणत्याही प्रमाणातले मिश्रण चालेल अशा गाड्या विकल्या जातात, आणि पंपावर मिश्रित पेट्रोल व निव्वळ इथेनॉल वेगळे मिळते. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते परवडते, हा हिशेब तिथल्या वाहनचालकांना पाठ असतो. शिवाय तिथला बराचसा ऊस पावसावर येतो.

आपला ऊस पाटाच्या आणि विहिरीच्या पाण्यावर उभा असतो, त्यामुळे ‘प्रदूषणमुक्त’ हा शब्द महाराष्ट्रात तरी जपून वापरावा. उसाच्या इथेनॉलमुळे पेट्रोलच्या तुलनेत हरितगृह वायूंचे उत्सर्जन ६५ टक्क्यांनी आणि मक्याच्या इथेनॉलमुळे ५० टक्क्यांनी कमी होते, असे सरकारच सांगते. ती घट मोलाची असली तरी ते शून्य नव्हे. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यानुसार उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. चाळीस लिटरच्या टाकीत आठ लिटर इथेनॉल आले आणि ते सगळे उसाचे धरले, तर पाणी झाले जवळजवळ २३ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर उरेल इतके. आता मका आणि तांदळाचा वाटा वाढला आहे हे खरे; पण मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये तो आयात करू लागला, हेही त्याच हिशेबात धरावे लागेल.

शेतकऱ्याला मिळणारा दर एफआरपीने, म्हणजे केंद्राने उसासाठी ठरवलेल्या किमान दराने ठरतो. इथेनॉलचे पैसे कारखान्याकडे येतात. ते लवकर आल्याने ऊसबिले वेळेवर निघण्यास मदत झाली, एवढे मान्य. पण ७ डिसेंबर २०२३ रोजी ऐन गाळप हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंदी घातली, आठवडाभरात ती १७ लाख टन साखर इथेनॉलकडे वळवण्याच्या मर्यादेपर्यंत सैल केली आणि निर्बंध उठवायला ऑगस्ट २०२४ उजाडला. सरकारच्याच प्रोत्साहनाने कर्ज काढून आसवन्या (इथेनॉल तयार करणारे प्रकल्प) उभारणाऱ्या कारखान्यांनी पुढच्या घोषणेवर किती भरवसा ठेवायचा?

परकीय चलनाचा मुद्दा मात्र निव्वळ थाप नाही. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १.४४ लाख कोटी रुपयांहून अधिक चलन वाचल्याचे मंत्रालय सांगते.

राहिला स्वस्ताईचा दावा. मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या त्याच खुलाशात लिहिले आहे की इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१.३२ रुपये झाली असून ती शुद्धीकरण केलेल्या पेट्रोलच्या खर्चापेक्षा जास्त आहे. आराखड्याच्या वेळी इथेनॉल स्वस्त होते, आता नाही, हे मंत्रालयाने स्वतः कबूल केले आहे.