‘पिक्चरच्या फाइलीत व्हायरस नसतो’, पण ती फाइल पिक्चरची असते का?

‘पिक्चर फुकटात उतरवा, काही होत नाही. व्हिडिओत व्हायरस बसतच नाही, बसला तर अँटीव्हायरस पकडतो, आणि घरच्या लॅपटॉपवर चोरण्यासारखं असतं तरी काय? ही सगळी निर्मात्यांनी उठवलेली आवई.’ हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो.

पहिला मुद्दा बराचसा खरा आहे, म्हणूनच तो गळी उतरतो. अस्सल एमपी४ किंवा एमकेव्ही फाइलीतून बाधा होणं दुर्मीळच. पण आपण उतरवतो ते व्हिडिओच असतं कशावरून? डिसेंबर २०२१मध्ये ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’च्या नावाने फिरलेल्या एका टॉरेंटमध्ये चक्क ईएक्सई, म्हणजे उघडताच चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल निघाली. जानेवारी २०१९मध्ये पायरेट बे या टॉरेंट साइटवर एका हॉलिवूडपटाऐवजी विंडोजचा शॉर्टकट होता. तो उघडला की पॉवरशेल या विंडोजच्याच साधनातून संगणकाला आज्ञा सुटायच्या, गुगलच्या निकालांत भलत्याच साइट घुसायच्या आणि बिटकॉइन पाठवायचा पत्ता परस्पर बदलला जायचा. ‘एक्स्टेन्शन (फाइलीच्या नावाच्या शेवटची ‘एमपी४’सारखी अक्षरं) बघून उघडा’ हा जाणत्यांचा सल्लाही इथे तोकडा पडतो: एक्स्टेन्शन दाखवायची सोय चालू केली, तरी विंडोज शॉर्टकटचं ‘एलएनके’ दाखवत नाही.

अँटीव्हायरस? ‘स्पायडर-मॅन’मधल्या त्या प्रोग्रॅमने आधी विंडोज डिफेंडर या विंडोजमधल्याच अँटीव्हायरसला ‘इकडे बघू नकोस’ असं सांगून ठेवलं होतं.

आता ‘चोरण्यासारखं काय’. तो प्रोग्रॅम तर काही चोरतही नव्हता. मोनेरो हे आभासी चलन काढायला तुमचा प्रोसेसर राबवायचा. वीजबिल अर्थात तुमचं. ‘लुमा’सारखे चोर प्रोग्रॅम मात्र ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज (साइटला तुमचं लॉगिन लक्षात ठेवायला लागणाऱ्या छोट्या नोंदी) उचलतात. कुकी गेली की चालू लॉगिनच गेलं, मग ओटीपी विचारतो कोण? मायक्रोसॉफ्टला १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत लुमाने ग्रासलेले ३,९४,०००हून जास्त विंडोज संगणक आढळले. ते सगळे पिक्चरमुळे बाधले असं नाही. पण २०२४मध्ये मँडियंट या सुरक्षा कंपनीने उघड केलेल्या हल्ल्यांच्या एका साखळीत लुमा आला होता तो पिक्चरच्या नावाच्या झिप फाइलीतूनच.

‘आम्ही उतरवत नाही, ऑनलाइन बघतो’ म्हणणाऱ्यांनाही सूट नाही. मार्च २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलेल्या एका मोहिमेची सुरुवात बेकायदा स्ट्रीमिंग साइटवरच्या प्लेअरच्या चौकटीतून होत होती. झळ बसली जगभरातल्या जवळपास १० लाख उपकरणांना.

राहिली आवई. निर्माते फुगवून सांगतात, सुरक्षा कंपन्यांनाही आपला माल खपवायचा असतो, मान्य. पण मँडियंट आणि मायक्रोसॉफ्टने नुसता इशारा दिलेला नाही, फाइलींच्या तांत्रिक खुणाही जाहीर केल्यात. ज्याला शंका आहे त्याने त्या पडताळून बघाव्यात.