सांतानाचा पहिला अल्बम आणि समीक्षकांचा कान

‘सांताना’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉक बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम कोलंबिया रेकॉर्ड्सने ऑगस्ट १९६९ मध्ये काढला. ऑक्टोबरमध्ये ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीत नियतकालिकात लँग्डन विनर यांनी त्याची समीक्षा लिहिली, तंत्र भरपूर, पण आतून सगळे पोकळ, असा तिचा एकूण सूर होता. श्रोत्यांनी मात्र हाच अल्बम बिलबोर्डच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत नेला. समीक्षक चुकले आणि जनता शहाणी ठरली, असा निष्कर्ष यावरून नेहमी काढला जातो. मला तो पटत नाही, कारण विनर यांना जे ऐकू आले त्यातले बरेचसे खरे होते. त्यावरून त्यांनी दिलेला निवाडा तेवढा चुकला.

त्यांची बाजू आधी मांडतो. अल्बममध्ये नऊ रचना आहेत. त्यांपैकी ‘वेटिंग’, ‘सेव्हर’, ‘ट्रीट’ आणि ‘सोल सॅक्रिफाइस’ या चार रचनांत शब्दच नाहीत, आणि ‘जिंगो’मध्ये एकच घोष पुन्हा पुन्हा येतो. उरलेल्या गाण्यांतले काव्य अगदीच बेताचे आहे. ग्रेग रोली ऑर्गन उत्तम वाजवतो, परंतु ‘पर्सुएजन’ आणि ‘यू जस्ट डोन्ट केअर’ या गाण्यांत त्याचा आवाज त्या काळच्या कुठल्याही ब्लूज-रॉक बँडमध्ये सहज खपून गेला असता. डिलनच्या शब्दांवर आणि बीटल्सच्या रचनाकौशल्यावर ज्यांचा कान तयार झाला होता, त्यांनी या अल्बममध्ये गाणे शोधले आणि ते त्यांना फारसे सापडले नाही, यात नवल नाही.

पण या बँडची बांधणीच वेगळी होती. मायकेल श्रीव्ह ड्रमवर, मायकेल कॅराबेलो काँगावर (हाताने वाजवायचे उंच ढोल), आणि निकाराग्वाहून आलेला होसे ‘चेपितो’ आरेआस टिंबालीस (काठ्यांनी वाजवायचे धातूचे ढोल) व काँगा या दोन्हींवर, म्हणजे सहा वादकांपैकी तिघे निव्वळ तालाचे. डेव्हिड ब्राउनचा बेसही बहुतेक वेळ त्यांच्याच कामात गुंतलेला. सर्वसाधारण रॉक बँडमध्ये ताल गाण्याला आधार देतो. इथे ताल हाच विषय आहे, आणि कार्लोस सांतानाची गिटार व रोलीचा ऑर्गन त्यावर आळीपाळीने भाष्य करतात. तबल्याचे एकलवादन ऐकायला बसलेला आपला श्रोता ‘यातून सांगायचे काय आहे’ असे कधी विचारत नाही, कारण कायदा कसा उलगडतो आणि वादक समेवर कसा येतो यातच त्याला आशय सापडतो. ‘सोल सॅक्रिफाइस’ त्याच अपेक्षेने ऐकावे, म्हणजे गिटार थांबल्यावर काँगा आणि ड्रम यांच्यात जे चालते ते पोकळ आहे असे म्हणणे जड जाईल.

हे सगळे आपोआप जमून आलेले नव्हते. जानेवारी १९६९ मध्ये लॉस एंजेलिसला केलेले पहिले ध्वनिमुद्रण मनासारखे न झाल्यामुळे बाजूला ठेवण्यात आले. त्यानंतर श्रीव्ह आणि चेपितो बँडमध्ये आले, कॅराबेलो परतला, आणि मे महिन्यात सॅन मातेओ येथे अल्बम नव्याने ध्वनिमुद्रित झाला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलमोर या संगीतसभागृहाचे चालक बिल ग्रॅहम न्यूयॉर्कच्या मॅम्बोचे, म्हणजे क्यूबन वळणाच्या नृत्यसंगीताचे, जुने चाहते होते. नुसते लांबलचक वादन रेडिओवर चालणार नाही, हे ओळखून तालवादक विली बोबो यांनी आधी ध्वनिमुद्रित केलेले ‘ईव्हिल वेज’ त्यांनीच या मुलांना सुचवले. ‘जिंगो’ नायजेरियाचे तालवादक बाबातुंडे ओलातुंजी यांच्याकडून आले. ‘लॅटिन रॉक’ ही चिठ्ठी चिकटवताना हा पश्चिम आफ्रिकेचा धागा बहुधा विसरला जातो, आणि बँडमध्ये मेक्सिकन, निकाराग्वन, पोर्तो रिकन वंशाचे, कृष्णवर्णीय आणि गोरे असे सगळेच होते हेही विसरले जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात असे मिश्रण रस्त्यावरच ऐकू येत होते. ते ध्वनिमुद्रिकेवर इतक्या ठामपणे फारसे कोणी आणले नव्हते.

आता वुडस्टॉक या १९६९ च्या प्रचंड संगीत महोत्सवाविषयी. अल्बम बाजारात येण्याच्या सुमारास, १६ ऑगस्टला, बँड तिथे वाजला, आणि त्या महोत्सवावरच्या ‘वुडस्टॉक’ चित्रपटातले ‘सोल सॅक्रिफाइस’ जगभर गाजले. (आपण तेव्हा मेस्कलिन या भास घडवणाऱ्या अमली पदार्थाच्या अमलाखाली होतो आणि गिटारची दांडी सापासारखी वळवळत होती, असे कार्लोसने स्वतःच पुढे सांगितले आहे.) त्यामुळे अल्बमचे यश ही चित्रपटाची कृपा, असे अनेकदा ऐकू येते. ते कालक्रमाशी जुळत नाही. चित्रपट मार्च १९७० मध्ये आला, तर अल्बम त्याआधीच महिनोन् महिने खपत होता आणि ‘ईव्हिल वेज’ त्याच मार्चच्या सुमारास गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत, नवव्या क्रमांकावर पोहोचले होते. वुडस्टॉकच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचा गाजावाजा झाला, त्याची मदत झाली, हे मान्यच आहे. पण त्याहून मोठे श्रेय मी रेडिओवर वाजलेल्या त्या चार मिनिटांच्या गाण्याला आणि फिलमोरमध्ये घडलेल्या श्रोतृवर्गाला देतो.

‘रोलिंग स्टोन’ने २००३ मध्ये सर्वोत्तम पाचशे अल्बमची यादी केली, तेव्हा तिच्यात हाही होता. मला मात्र आजही ‘पर्सुएजन’ आले की पुढे सरकवावेसे वाटते.