पाळीच्या गोळीपासून पुरेपूर अपाय करून घेण्याविषयी काही सूचना

मासिक पाळीच्या कळा सुरू झाल्या की दुकानातून गोळी आणून गिळणे कोणालाही जमते. परंतु त्या गोळीपासून जेवढा अपाय होण्याजोगा आहे तेवढा सगळा पदरात पाडून घेणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. अडचण अशी आहे की ज्यांना अन्य काही विकार नाही अशा बहुतेक जणी सांगितलेल्या मात्रेत दोन-तीन दिवस गोळी घेतात, बरे वाटताच थांबतात आणि त्यांना काहीच होत नाही. अशा स्त्रियांपुढे आम्ही हात टेकले आहेत. ज्यांना थोडी मेहनत घेण्याची तयारी आहे, त्यांच्यासाठी मात्र आमच्याजवळ पुष्कळ सांगण्यासारखे आहे.

सुरुवात माहितीपत्रकापासून करावी, म्हणजे ते न वाचण्यापासून. गोळ्यांच्या खोक्यात घड्यांवर घड्या घालून कोंबलेला तो पातळ कागद एकदा उलगडला की पूर्वीच्या घड्यांवर परत बसत नाही, आणि त्यावरील अक्षरे इतकी बारीक असतात की ती वाचकासाठी छापलेली नसावीत असाच कोणाचाही समज व्हावा. तो समज आपण दृढ करावा. त्याहून उत्तम मार्ग म्हणजे खोकेच न घेता सुट्या गोळ्या मागणे. कात्रीने कापलेल्या तुकड्यावर बहुधा नावाचा अर्धा भाग उरतो आणि मुदतीची तारीख दुसऱ्याच कोणाच्या तुकड्यावर निघून जाते. असा तुकडा पर्सच्या तळाशी काही महिने राहू द्यावा. पुढे चंदेरी कागद झिजतो, नावाची शेवटची दोन अक्षरे तेवढी वाचता येतात, आणि मग मैत्रिणीने विचारल्यास 'ती पिवळी गोळी' एवढे सांगून आपल्याला तिच्यावरही उपकार करता येतात.

आता वेळेविषयी. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, त्यांच्यामुळे गर्भाशय जोरजोराने आकुंचन पावते, त्याचा रक्तपुरवठा तात्पुरता घटतो आणि कळ उठते. याच द्रव्यांमुळे अनेकींना मळमळ व जुलाबही होतात. ॲस्पिरिनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मितीच रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि प्रोस्टाग्लँडिनविषयीच्या संशोधनासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही सगळी त्याच वळणाची मंडळी. ती मुख्यतः निर्मिती थांबवतात, आधीच तयार होऊन बसलेल्या द्रव्याचा बंदोबस्त करणे हे त्यांचे मुख्य काम नव्हे. त्यामुळे कळा सुरू होताच घेतलेली एक गोळी जे साधते, ते दुपारपर्यंत ओठ चावून बसल्यानंतर घेतलेल्या गोळीला सहसा साधत नाही. आपल्याला अर्थातच दुसरा मार्ग पत्करायचा आहे. आधी सहनशीलतेचे कौतुक करून घ्यावे, कळ असह्य झाली की एक गोळी घ्यावी, वीस मिनिटांत गुण आला नाही म्हणून दुसरी घ्यावी, आणि संध्याकाळी या औषधात काही दम राहिलेला नाही असा निष्कर्ष काढून तिसरी घ्यावी. दुकानात स्वतःहून घेतलेल्या आयब्युप्रोफेनची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला १२०० मिलिग्रॅम, म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या आणि त्याही काही तासांच्या अंतराने, अशी सामान्यतः धरली जाते. कमी सोसून कमी गोळ्यांत भागवणे ज्यांना शक्य आहे, त्यांनी तसे करून या लेखाचा विरस करू नये.

जठर हा आपल्या मोहिमेचा सर्वांत भरवशाचा साथीदार आहे. जी प्रोस्टाग्लँडिने गर्भाशयात कळा आणतात, त्यांचीच भावंडे जठराच्या आतल्या अस्तरावर संरक्षक थर राखण्याचे काम करत असतात, आणि गोळीला या दोघांत फरक करता येत नाही. म्हणून सकाळी उपाशीपोटी, घाईघाईत, घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी; छातीत व पोटात जळजळ सुरू होण्यास तेवढे पुरते. काही जणी मात्र शहाणपणाने आधी दोन घास खातात. त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. अन्नामुळे गोळीची थेट चुरचुर कमी होईल, पण औषध रक्तातून फिरूनही जठराचे संरक्षण काढून घेतेच. त्यामुळे दोन घास खाल्ले म्हणजे वाटेल तितक्या गोळ्या घेण्याचा परवाना मिळाला, असे मानणाऱ्यांना आतड्यापर्यंतचे व्रण मिळवण्याची संधी कायम राहते. त्यात धूम्रपानाची किंवा मद्याची जोड असल्यास काम सोपे होते. पुढे कधी शौचास डांबरासारखी काळी झाली, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले, तर काल काय खाल्ले होते याचा सावकाश विचार करत बसावे. आत रक्तस्राव होत असल्याची ती खूण असते आणि तेव्हा तातडीने रुग्णालय गाठायचे असते, ही माहिती उगाच कोणाला देऊन घबराट पसरवू नये.

पुढची पायरी मिश्रणाची. एका औषधाने भागत नसेल तर वेगळ्या नावाचे दुसरे घ्यावे, आणि दोन्हींवरील बारीक अक्षरांतील घटकांची नावे ताडून पाहू नयेत. ओटीपोटासाठी मेफेनॅमिक ॲसिड, कंबरेसाठी डायक्लोफेनॅक आणि डोक्यासाठी आयब्युप्रोफेन अशी वाटणी केल्यास तिन्ही एकाच कुळातील असल्याने आराम तिप्पट होत नाही, अपायाची शक्यता मात्र वाढत जाते. पॅरासिटामॉलचे कुळ वेगळे आहे आणि ते जठराला बरेच सौम्य आहे. त्याचा रोख यकृतावर. प्रौढांसाठी दिवसाला ४ ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा मानतात, आणि वजन फार कमी असल्यास किंवा नियमित मद्यपान असल्यास ती आणखी खाली येते. परंतु हे औषध पाळीच्या जोडगोळीत, म्हणजे दोन औषधे एकत्र केलेल्या गोळीत असते, सर्दीच्या गोळीत असते, तापाच्या गोळीत असते आणि गरम पाण्यात ढवळून प्यायच्या पुडीतही असते. सर्दी आणि पाळी एकाच आठवड्यात आल्यास जी हिशेब ठेवत नाही, तिला मर्यादा ओलांडल्याचे कळतही नाही. विशेष म्हणजे यकृतही सुरुवातीचा दिवसभर फारसे काही बोलत नाही. मात्रा जास्त झाल्यानंतर पहिल्या २४ तासांत थोडी मळमळ सोडून बहुधा काही जाणवत नाही, आणि उतारा सर्वांत उपयोगी पडण्याची वेळ नेमकी तेव्हाच असते. म्हणजे बरे वाटते आहे म्हणून घरी बसणे हे येथे सर्वोत्तम धोरण ठरते.

काही जोडगोळ्यांत डायसायक्लोमिन असते, जे स्नायूंचे पेटके सैल करते. ते तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे धूसरपणा, बद्धकोष्ठ आणि गुंगीही देते. ती घेऊन वाहन चालवावे.

पाण्याचा मुद्दा मात्र थोडा विस्ताराने घ्यावा लागेल, कारण येथे नुसत्या निष्काळजीपणाने भागत नाही, परिस्थितीचीही साथ लागते. पाळीच्या दिवसांत उलट्या किंवा जुलाब झाले की शरीरातील पाणी कमी होते. ज्या ठिकाणी दिवसभर काम करायचे तेथील स्वच्छतागृह दूर, घाण किंवा कुलूपबंद असते, म्हणून ती स्त्री सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाही. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह टिकवून धरण्याचे काम पुन्हा प्रोस्टाग्लँडिनकडेच असते, आणि ती रोखणारी गोळी तर तिने सकाळीच घेतलेली असते. निरोगी मूत्रपिंड हे सारे एखाददुसऱ्या वेळी निभावून नेते. परंतु दर महिन्याला हाच बेत ठेवला, किंवा सोबत रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी औषधे चालू असली, तर ते फार काळ निभावेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. स्वच्छतागृहाचे कुलूप काढणे हा या दुष्परिणामावरील उपाय आहे असे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नाही, आणि व्यवस्थापनाने त्या मौनाचा आदर करावा.

ज्यांना जन्मतः किंवा कर्मधर्मसंयोगाने विशेष पात्रता लाभली आहे, त्यांना एवढे कष्टही नकोत. दम्याच्या काही रुग्णांना आयब्युप्रोफेनच्या कुळातील एकच गोळी दम लागण्यास पुरेशी होते. नैराश्यावरील एसएसआरआय गटातील औषधे किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर रक्तस्रावाचा धोका आपोआप वाढतो. याच कुळातील गोळ्यांमुळे संभवणाऱ्या हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्याविषयीचा इशारा एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१५ मध्ये अधिक कडक केला. हा धोका वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही उद्भवू शकतो आणि मात्रेबरोबर वाढतो, असे त्यात म्हटले आहे. तरुण, निरोगी स्त्रीसाठी तो फार लहान आहे, पण हृदयाचा आजार किंवा वाढलेला रक्तदाब असणाऱ्या स्त्रीने आपण अजून तरुणच आहोत असे समजावे. मूल हवे असताना ही औषधे सलग घेतल्यास बीज बाहेर पडणे लांबू शकते. औषध थांबवले की हे सहसा पूर्ववत होते, म्हणून थांबवू नये. आणि पाळी चुकलेली असताना कळा आल्या तर आधी गर्भधारणेची तपासणी करण्याच्या भानगडीत पडू नये. गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर ही औषधे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतात असे एफडीएने २०२० मध्ये बजावले आहे, परंतु बजावण्याचे काम त्यांचे आहे, ऐकण्याचे आपले नव्हे.

अंगावर पुरळ उठल्यास ती उन्हाची समजावी. भारतीय भेषजसंहिता आयोगाने २०२३ मध्ये मेफेनॅमिक ॲसिडच्या संदर्भात 'ड्रेस' नावाच्या तीव्र प्रतिक्रियेकडे लक्ष वेधले होते. ती क्वचितच उद्भवते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. औषध सुरू केल्यानंतर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी ताप, पुरळ, गाठी सुजणे आणि यकृतासारख्या अवयवांना इजा असे तिचे स्वरूप असते. एवढ्या अवधीत त्या गोळीची आठवण कोणाला राहत नाही, आणि ही विस्मृती आपल्या फार उपयोगाची आहे.

येथवर सगळा भार आपण गोळी घेणारीवर टाकला, हे तिच्यावर अन्यायकारक झाले. आजूबाजूच्या मंडळींचे साहाय्य नसेल तर एकट्या स्त्रीला इतका अपाय करून घेणे कठीण आहे. तिने अर्ध्या दिवसाची रजा मागताच 'एखादी गोळी घे ना' असे सहानुभूतीने म्हणावे. कोणती, किती, सकाळपासूनची कितवी, हे विचारू नये, कारण ते वैयक्तिक आहे. रजा नाकारणे तेवढे वैयक्तिक नसते. परीक्षा, बैठक, प्रवास, पाहुणे यांपैकी काहीही पुढे ढकलता येण्याजोगे नाही आणि पुढे ढकलता येते ती फक्त वेदना, हे तिला शाळेपासून पटवून दिलेले असले की तीन गोळ्यांचा दिवस ती आपल्या आपणच आखते. गरम पाण्याची पिशवी पोटावर धरून तासभर पडून राहिल्यानेही अनेकींना चांगला आराम मिळतो, आणि कातडी भाजण्याएवढे पाणी कढत नसेल तर त्याचे दुष्परिणामही फारसे नाहीत. पण त्यासाठी आडवे पडावे लागते, आणि पिशवी पोटाला लावून बैठकीत बसलेली बाई कोणाला बघवत नाही. गोळी पर्समध्ये मावते, तीत कोणाला काही दिसत नाही.

अशा रीतीने काही वर्षे काढली की एक नवी अवस्था येते. पूर्वी एका दिवसाला पुरणारी गोळी आता चार दिवस लागते, कळा पाळीच्या आधीच सुरू होतात, शौचाच्या वेळी किंवा शरीरसंबंधाच्या वेळीही दुखते. याला वय झाले असे म्हणावे, मग वय पंचवीस असले तरी चालेल. प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार असतो आणि त्याचे निदान होण्यास अनेकदा काही वर्षे लागतात. या विलंबात जो काही वाटा गोळ्यांचा असेल तो आपणही उचलावा. वेदना दाबून ठेवली की ती कोठून येते हा प्रश्न कोणाला पडत नाही, गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी निवांत वाढतात आणि डॉक्टरांचाही वेळ वाचतो.

तरीही कधीतरी डॉक्टरांकडे जाणे होतेच, बहुधा पोटात आग होते म्हणून. ते विचारतात, "सध्या काही औषधे चालू आहेत का?" येथे सरळ "नाही" म्हणावे. पाळीची गोळी हे काही औषध नव्हे, ती तर दुकानात मिळते. मग डॉक्टर पित्तासाठी एक गोळी लिहून देतात, तिने पोट जरा शांत होते, आणि पुढच्या महिन्यात पहिली गोळी चौथ्यांदा घेण्याचा धीर येतो. दोन महिन्यांनी रक्तदाब थोडा वाढलेला आढळला तर त्यासाठीही एक गोळी मिळू शकते, आणि तिच्या माहितीपत्रकात वेदनाशामकांविषयी जे वाक्य असते ते वाचण्याचा प्रश्न येत नाही, कारण तीही आपण सुटीच आणलेली असते.