तिथे काहीच मिळत नाही

आई-बाबा सहा महिन्यांसाठी अटलांटाला आले आणि चौथ्याच आठवड्यात बाबांना मॉलचा वीट आला. "जरा समुद्र दाखव," म्हणाले. मी उत्साहाच्या भरात कंबरलँड आयलंडचं नाव घेतलं. घ्यायला नको होतं.

कंबरलँड हे जॉर्जिया राज्याच्या पार दक्षिण टोकाचं बेट. अशांना बॅरिअर आयलंड म्हणतात. किनाऱ्यापुढे आडवा पडलेला वाळूचा लांबलचक बांध. वादळ आलं की पहिला तडाखा हा खातो आणि मागच्यांना जरा कमी लागतं. (आमच्या घरात हे खातं सहल ठरवणाऱ्या बाईकडे आहे.) १९७२ पासून बेट राष्ट्रीय उद्यान खात्याने राखलेलं. लांबी १७ मैलांच्या वर, पूल नाही. सेंट मेरीज गावातून फेरीबोटीने पाऊण तास. आणि दिवसाला मोजक्याच माणसांना परवानगी, म्हणजे बुकिंग आधी, बाकी सगळं नंतर.

"आणि बाबा, तिथे काहीच मिळत नाही हं. दुकान नाही, टपरी नाही."

"कॅन्टीन असेल."

"नाही."

"सरकारी आहे ना? मग असणार." बाबांची हयात पाटबंधारे खात्यात गेली. कॅन्टीनशिवाय सरकार चालतं हे त्यांना मान्य नाही. बेटावर एक खानदानी हॉटेल आहे खरं, पण ते तिथे उतरणाऱ्यांपुरतं, आणि त्याचा एका रात्रीचा दर बाबांना रुपयांत सांगायची माझी छाती झाली नाही.

मग मी एक्सेल उघडलं. बोटीची तिकिटं एका रकान्यात. उद्यानाचा प्रवेश दुसऱ्या, कारण तो वेगळा: माणशी १५ डॉलर, सात दिवस चालतो. "मग सातही दिवस जाऊ या, पैसे वसूल होतील," बाबा म्हणाले. बोटीचे पैसे मात्र दर फेरीला पडतात, हे सांगितल्यावर ते पेपर वाचू लागले. तिसरा रकाना परतीच्या शेवटच्या बोटीचा, लाल रंगात. ती चुकली तर आपल्या खर्चाने खाजगी बोट बोलवायची. नवरा म्हणाला, "एवढं काय, चुकणार नाही." हा माणूस स्वतःच्या लग्नाच्या मुहूर्ताला चाळीस मिनिटं उशिरा पोचला होता.

आईला बेटात रस नव्हता. पण १९९६ मध्ये अध्यक्ष जॉन केनेडींच्या मुलाने तिथल्या एका लाकडी, इवल्याशा चर्चमध्ये गुपचूप लग्न केलं, हे मी बोलून गेले.

"किती माणसं होती?"

"चाळीसेक."

"चाळीस? अगं, तुझ्या केळवणाला साठ पानं उठली होती." आता तिला ते चर्च बघायचंच होतं. चर्च बेटाच्या उत्तर टोकाला, बोट लागते दक्षिणेकडे. तिकडे व्हॅन नेते, तिचं बुकिंग निराळं, आणि सगळा दिवस त्यातच जातो. म्हणजे चर्च बघायचं तर बाबांचा समुद्र बुडाला. दोन रात्री वाटाघाटी चालल्या. शेवटी तोडगा निघाला तो डंजनेसचा: पोलादवाल्या कार्नेगी घराण्याचा वाडा, १९५९ मध्ये जळाला, आता नुसत्या भिंती उभ्या आहेत, पण धक्क्यापासून चालत जाता येतं आणि पुढे समुद्रही आहे. थॉमस कार्नेगी गेल्यावर त्यांच्या पत्नी ल्यूसीबाईंनी नऊ मुलांसह तिथलं बिऱ्हाड सांभाळलं. नऊ! पण त्यांच्या हाताखाली नोकरांची फौज होती. माझ्याकडे एक्सेल.

वाड्याभोवती मोकाट घोडे हिंडतात. उद्यानवाले त्यांना खाऊ घालत नाहीत, औषधपाणी करत नाहीत, आणि आपणही लांबच राहायचं. आईने हळहळून बॅगेत गुळाचा खडा टाकला. मी तो काढला. तिने पुन्हा टाकला. आम्ही दोघी याबद्दल एक शब्द बोललो नाही.

खरी लढाई कचऱ्याची. नेलेलं सगळं परत आणायचं, कचरापेटी नाही. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याच्या काचऱ्या, दाण्याची चटणी, सहा केळी असा बेत काढला.

"सालींचं काय करणार?"

"वाळूत पुरू. खत होईल."

"आई, परत आणायच्या."

"नाशिकहून अमेरिकेत आले ते केळ्याची सालं बोटीतून फिरवायला?"

केळी रद्द झाली. चहाचा थर्मास मात्र दोन लिटरचा, त्यावर चर्चा नाही.

आदल्या दिवशी साडेपाच तास गाडी हाकून सेंट मेरीजला मुक्काम केला. सकाळी धक्क्यावर तासभर आधी हजर. नवऱ्याचं घड्याळ मी पुढे करून ठेवलं होतं. बोटीत सोडण्याआधी रेंजरने सगळ्यांना गोळा केलं आणि शांतपणे नियम सांगितले. बाबा पुढे जाऊन, हात मागे बांधून, साहेबाचं ऐकावं तसं ऐकत होते. मग माझ्याकडे वळले.

"बघ, तिथे काहीच मिळत नाही म्हणतोय तो. कॅन्टीनसुद्धा नाही. तू आधी सांगायचंस ना."